कैदाशिणीच्या पोटातलं बेरिंग

आईशप्पथ, बापाशप्पथ, आणि तेवढ्याने भागत नसेल तर माझ्या उरलेल्या चार दातांची शप्पथ! पुढे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा. मला मीठमसाला लावायची सवय आहे असं माझ्या सुना म्हणतात. म्हणू देत. ही गोष्ट अळणीच आहे. ज्याला शंका असेल त्याने उठावं, वर्तकनगरला जावं आणि फेलिक्सची पिठाची गिरणी कुठे म्हणून विचारावं. नाही सापडली तर परत येऊन मला वाट्टेल ते बोलावं.

तर ह्या फेलिक्सची पोर क्रिस्टीना. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मेकॅनिकल. केसांच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, आणि हनुवटी कायम दोन बोटं वर. कॉलेजात ती नंतर गेली, शिकली ती गिरणीतच. पाळण्यात होती तेव्हा गिरणी चालू असली की ढाराढूर झोपायची, आणि दळण संपून पट्टा थांबला की भोकाड पसरायची. अ‍ॅग्नेस, म्हणजे तिची आई, पोरगी झोपावी म्हणून शेजारणींकडून ज्वारी उसनी आणून दळायला लावायची. थोडी मोठी झाल्यावर तिला बापाने एक खेळ शिकवला. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेरिंगच्या घराला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि ऐकायचं. आत गोळ्या नीट पळतायत की अडखळतायत ते कळतं. ह्या खेळात पोरीचा कान इतका तयार झाला की एकदा खोपटला एसटी डेपोपाशी उभी असताना समोरून गाडी गेली, आणि ही ओरडली, "ओ ड्रायव्हरकाका, मागच्या डाव्या चाकाचं बेरिंग बघा!" ड्रायव्हर हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तीच गाडी डेपोत जॅकवर चढवलेली. डावं चाक बाजूला.

अशी पोर. तिचं मागणं एकच होतं. बापाची पान्यांची पेटी.

आता पेटी म्हणजे नुसती पेटी नव्हे. ती ज्याच्या हातात, त्याच्या हातात गिरणीची दुरुस्ती. गिरणी कधी बंद ठेवायची, गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी कधी लावायची, पट्टा कधी बदलायचा, सगळं तो ठरवणार. फेलिक्सचा खांदा धरायला लागला होता, मशिनखाली आडवं होऊन हात वर करणं जमेना. पेटी कुणाला तरी द्यायची हे ठरलं होतं. आणि त्याच्या मनात होता मार्विन. पुतण्या, कल्याणला राहणारा, आयटीआय केलेला फिटर. दंड असे की शर्टाच्या बाह्या रडायच्या.

"डॅडी, पेटी मला दे," क्रिस्टीना म्हणाली.

"मार्विन फिटर आहे."

"मार्विन हातोडा आहे. काहीही दिलं तरी ठोकूनच बसवतो."

"आणि तू बोलून बसवतेस," फेलिक्स म्हणाला. "तुझं तोंड चालतं गो, पण गिरणी तोंडाने नाय चालत."

मार्विन बाकावर बसून चहा पीत होता, तो फिसकन हसला. चहा नाकात गेला. बरं झालं.

क्रिस्टीनाने कमरेवर हात ठेवले. "मग काय केलं म्हणजे पटेल?"

फेलिक्सने गिरणीच्या कोपऱ्याकडे बघितलं. तिथे गोणपाटाखाली झाकून ठेवलेलं होतं पोरीचं ते यंत्र. भांडणारा रोबो. क्रिस्टीना आणि तिच्या वर्गातला सम्यक, दोघांनी मिळून बनवायला घेतलेला. पंधरा किलोच्या आतला, पाटासारखा चपटा, दोन चाकं, आणि पुढे लाटण्यासारखा आडवा पोलादी ड्रम. ड्रमला दोन दात. तो गरागरा फिरला की समोरचा रोबो दातांत सापडून हवेत. डोंबिवलीत पुढच्या महिन्यात ह्या रोबोंच्या कुस्त्या होत्या. नाव ठेवलं होतं अ‍ॅग्नेसनेच. तात्पुरत्या शाफ्टवर घरात पहिल्यांदा चालू केला त्या दिवशी त्याने सोफ्याचा एक पाय खाल्ला, तेव्हा ती किंचाळली होती, "कैदाशीण कुठची!" तेच राहिलं.

"त्या कैदाशिणीचा शाफ्ट," फेलिक्स म्हणाला, "कुस्तीची तिन्ही मिनिटं, शेवटची घंटा होईस्तोवर फिरता राहिला, तर पेटी तुझी. वाकला, जाम झाला, थांबला, तर मार्विनची. मग कुरकुर नाय."

"आणि हरलो तर?"

"हारजीत तुमची तुम्ही बघा. मी शाफ्ट बघणार."

"घे टाळी," क्रिस्टीना म्हणाली. फेलिक्सने दुखऱ्या हातानेच टाळी दिली. तिने ती अशी मारली की त्याचा खांदा अजून आठवण काढतो.

दुसऱ्या दिवशी सम्यक आला. डोंबिवलीचा मुलगा, बारीक, रिमोटवर बोटं अशी चालवतो की जणू हार्मोनियम. पण शाफ्ट-बेरिंगचं त्याला फारसं कळत नाही आणि तो ते लपवतही नाही. त्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला. "हा बघ. स्टेनलेसचा शाफ्ट. काय दिसतो यार! दोन्ही बाजूच्या भिंतींत बेरिंग बसवायची, शाफ्ट फिरणार, शाफ्टवर ड्रम. तुमच्या गिरणीसारखं सेम."

"गिरणीला कोण घणाने मारतं का?" क्रिस्टीना म्हणाली. "इथे मार बसणार तो आधी भिंतींवर. भिंत जराशी वाकली की बेरिंग तिरकं, बेरिंग तिरकं की शाफ्ट जाम. खेळ खल्लास. आपण उलटं करायचं. शाफ्ट फिरवायचाच नाही. दोन्ही भिंतींना बोल्टने गच्च आवळायचा, म्हणजे तो भिंतींनाही धरून ठेवेल. बेरिंग ड्रमच्या पोटात. फिरणार फक्त ड्रम."

"ओ मॅडम," फेलिक्स दळणाचा डबा ओतता ओतता ओरडला, "शाफ्ट फिरणारच नाय, तर मी बघू काय?"

"ड्रम बघ!"

"अशी फसवतेस?"

"फसवत नाही, सुधारते. चल, अट लिही नवीन. ड्रम घंटेपर्यंत फिरला पाहिजे. उलट सोपी केली की नाही तुझ्यासाठी? ड्रम तर लांबूनही दिसेल."

फेलिक्सने जरा विचार केला आणि मान हलवली. अट बदलली.

"आणि स्टेनलेस नको," ती सम्यकला म्हणाली. "चकचकीत असतं, पण मारापुढे वाकतं. आपल्याला ईएन-चोवीस पोलाद. काळंकुट्ट, कुरूप, पण कणखर. ते वागळे इस्टेटच्या टर्नरकडून करून घेऊ. जाड घ्यायचा आणि आतून पोकळ करायचा."

"पोकळ? मोडेल ना!"

ती उठली. गिरणीच्या मागे बांबू पडलेला होता तो आणला, आणि शेजारी त्याच वजनाची एक भरीव काठी. दोन्ही दोन बाकांच्या मधे आडव्या टाकल्या. "बस. आधी काठीवर, मग बांबूवर."

सम्यक काठीवर बसला. कडकन मोडली, तो खाली. बांबूवर बसला. बांबूने हूं केलं, बस्स. शाफ्ट पोकळ ठरला. वजनही वाचलं, त्या वाचलेल्या वजनात ड्रमचे दात जाड करता आले.

आता बेरिंग. त्यासाठी दोघं महिपतच्या दुकानात गेली. ठाण्यातच, बोळात, एवढंसं दुकान. पण फळ्यांवर बेरिंगांचे डबे छतापर्यंत. महिपत हा माणूस गिऱ्हाइकाला माल दाखवण्याआधी त्याचं ज्ञान तपासतो. गुणच आहे त्याचा, काय करणार.

"कशाला हवं? पंख्याला की मिक्सरला?"

"मारामारीला," क्रिस्टीना म्हणाली.

महिपतने चष्मा वर केला. मग एक गोळ्यांचं बेरिंग काढून पुढे ठेवलं. झकास, जपानी. क्रिस्टीनाने बोटात घालून फिरवलं, कानाशी नेलं. आवाज कसा, रेशमी. सम्यक म्हणाला, "हेच घेऊ!"

"नको."

"अगं पण तूच बघ ना किती सुंदर फिरतंय!"

"फिरतंय सुंदर. मार खाल्ल्यावर बघ." आणि तिने तिथेच काउंटरवर समजावलं. "समज, ताटात लाडू मांडलेत. त्यावर पाट ठेवला आणि वरून घण घातला. काय होईल? प्रत्येक लाडू पाटाला एकाच टिंबाएवढ्या जागी टेकलेला. सगळा मार त्या टिंबावर. तिथे खळगा पडणार. बेरिंगच्या रिंगला असा खळगा पडला की मग गोळी प्रत्येक फेऱ्याला त्यात अडखळते. खरखर, खरखर, आणि मग जाम. आता लाडवांच्या जागी लाटणी मांड. लाटणं आख्ख्या लांबीने टेकतं. मार वाटला जातो."

"म्हणजे रोलर," महिपत म्हणाला. आता त्याचा चष्मा जागेवर आला होता.

"रोलरच. पण जाड नको, ड्रमच्या पोटात जागा नाही. बारीक लाटणी. नीडलवालं."

महिपत स्टुलावर चढला आणि वरच्या डब्यातून नीडल बेरिंग काढलं. पातळ, आत उदबत्तीसारखे बारीक रोलर ओळीने. "ह्याला बाजूचा धक्का सोसत नाही हां," तो म्हणाला. "सरळ मार कितीही घेईल, पण ड्रम बाजूला सरकला तर मेलं."

"माहितीये. दोन्ही टोकांना पितळी वॉशर घालते, घासला तर वॉशरला घासेल."

महिपतने दोन बेरिंगांची पुडी बांधली. "पोरी," तो म्हणाला, "जिंकलीस तर सांगायला ये. हरलीस तर बेरिंग दुसरीकडून घेतलं म्हणून सांग."

शाफ्ट टर्नरकडून आला, नवा ड्रम आला, आणि बेरिंग बसवायची वेळ आली. मार्विन खास कल्याणहून आला, हातोडा घेऊन. "दे इकडे. दोन फटक्यांत आत."

"हात लावू नकोस. फटका घातलास तर कुस्तीच्या आधीच रोलर वाकतील."

"मग काय, मंत्र म्हणून बसवणार?"

"हो. थंड वस्तू आकसते, गरम वस्तू पसरते, हा माझा मंत्र." आणि तिने दोन्ही बेरिंग प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली.

अ‍ॅग्नेसने संध्याकाळी फ्रीजर उघडला. "काय गो हे! माझ्या बांगड्यांच्या मांडीवर तुझं लोखंड?"

"मम्मी, एक रात्र राहू दे. बांगडे काय तक्रार करणारेत?"

"बांगडे नाय, मी करणार! आणि माझ्या नाताळच्या केकच्या ओव्हनमध्ये काय आहे ते?"

"ड्रम."

अ‍ॅग्नेसने कपाळाला हात लावला आणि छातीवर क्रूस केला. पण ओव्हन बंद केला नाही हां तिने. उलट मधूनमधून काचेतून बघत होती, फुगला की काय म्हणून. आणि मग गरम ड्रम टेबलावर आला, हातमोजे घालून क्रिस्टीनाने फ्रीजरमधलं बेरिंग उचललं आणि ड्रमच्या तोंडाशी धरलं. सोडलं. चप्प! बेरिंग आपणहून आत जाऊन बसलं, मांजर उशीवर बसतं तसं. दुसऱ्या बाजूनेही तसंच. मार्विन हातोडा खांद्यावर टाकून उभा. त्याला कुणी विचारलंच नाही. पुढे आठवडाभर ड्रमला मासळीचा वास येत होता, आणि आळीतली मांजरं गिरणीच्या दारात बसून राहायची, ते वेगळंच.

आणि आता ग्रीस. इथे फेलिक्स स्वतः उठून आला. गिरणीवाल्याच्या घरात बेरिंगला ग्रीस भरणं म्हणजे साधं काम नाही. गिरणीत पीठ उडतं. पापण्यांवर बसतं, देवाच्या तसबिरीवर बसतं, बेरिंगमध्येही शिरतं. शिरलं की ग्रीसशी कालवून त्याची कणीक होते आणि बेरिंग जाम होतं. म्हणून गिरणीवाले बेरिंग ग्रीसने ठासून भरतात. दोन्हीकडून ग्रीस बाहेर ओघळलं पाहिजे, म्हणजे पिठाला आत यायला फटच नाही. फेलिक्सच्या बापाने हेच शिकवलं, फेलिक्सने पोरीला हेच. क्रिस्टीनाने अंगठ्याने दाबून दाबून ग्रीस भरलं. वॉशरच्या कडेने ग्रीस फुगून आलं, पुरणपोळीतून पुरण डोकावावं तसं.

फेलिक्सने बोटाने कड पुसली आणि पहिल्यांदा खुशीने हुंकार दिला. "ह्याला म्हणतात गिरणीवाल्याची पोर."

क्रिस्टीनाची हनुवटी तीन बोटं वर गेली.

घरात पूर्ण वेगाने ड्रम फिरवायला अ‍ॅग्नेसने बंदी घातली होती. सोफ्याचे तीनच पाय उरले होते ना. तेव्हा हाताने ढकलून बघितलं, मोटर जराशी दिली, फिरला. ठीक आहे म्हणाले आणि गोणपाट टाकलं.

कुस्तीच्या दिवशी फेलिक्सच्या दळणाच्या टेम्पोत सगळी निघाली. पुढे फेलिक्स आणि मार्विन, मागे क्रिस्टीना, सम्यक आणि त्यांच्या पायाशी कैदाशीण आणि पान्यांची पेटी. शीळफाट्याला ट्रॅफिक असं की शेजारच्या ट्रकचा क्लीनर दोनदा उतरून चहा पिऊन आला. क्रिस्टीनाला काळजी नव्हती. ती सम्यकला सांगत होती की पेटी मिळाली की आधी मधल्या पुलीचा समाचार घ्यायचा, ती दोन वर्षं तिरकी आहे आणि डॅडी मानत नाही.

डोंबिवलीत एका क्लबच्या हॉलमध्ये मधोमध पिंजरा उभा केलेला. जाड पारदर्शक प्लास्टिकच्या भिंती, तसंच छत. बाजूला एक छोटा पिंजरा, त्यात रोबो चालवून बघायचे. समोरच्या टेबलावर कल्याणची टीम. त्यांची कॅप्टन उत्तरा, उंच, वेणी पाठीवर, आणि त्यांचा रोबो रणगाडा. पुढे उभी पोलादी चकती, करवतीसारखी.

उत्तराने क्रिस्टीनाच्या टी-शर्टवर पिठाचा डाग बघितला. "काय गं, दळायला आलीस का?"

"हो. तुझं दळण कुठाय? दे, बारीक करून देते."

दोघी हसल्या. पण कुस्तीच्या आधीचं हसणं ते, दातच दिसतात नुसते.

छोट्या पिंजऱ्यात कैदाशीण ठेवली. सम्यकने रिमोट दाबला. मोटर किंचाळली, आणि ड्रम... ड्रम निघाला कसा, तर जेवून उठलेला पाहुणा निघतो तसा. वेग येईचना. गुरगुरत, रेंगाळत फिरत राहिला.

"मोटर गेली," सम्यक पांढरा पडला.

"मोटर ओरडतेय म्हणजे मोटर आहे," क्रिस्टीना म्हणाली. तिने ड्रम थांबवायला लावला, स्क्रूड्रायव्हर काढला, टोक शाफ्टच्या बोल्टाला लावलं, आणि हाताने ड्रम फिरवून ऐकलं. काहीच नाही. गप्प. इतकं गप्प बेरिंग तिने जन्मात ऐकलं नव्हतं. खरखर नाही, टकटक नाही. मग तिने बोट ड्रमच्या टोकाला लावलं आणि झटकन मागे घेतलं. तवा!

मार्विन मागे उभाच होता. "शाफ्ट वाकलाय. मी म्हटलेलं, मला ठोकू दे."

"न वापरता वाकेल कसा?"

"मग बेरिंग टाइट. फ्रीजरचे चोचले!"

पुकारा झाला. दोन कुस्त्यांनंतर कैदाशीण विरुद्ध रणगाडा. फेलिक्स प्रेक्षकांत जाऊन बसला होता, हाताची घडी घालून. तो उठलाही नाही. अट म्हणजे अट.

क्रिस्टीना ड्रमकडे बघत राहिली. मोटरवरून ड्रम फिरवणाऱ्या पट्ट्यावर काहीतरी चमकत होतं. तिने बोटाने निपटलं. ग्रीस. ड्रमच्या दोन्ही टोकांतून उडून पट्ट्यावर माखलेलं. आणि मग ती एकदम हॉलभर बघायला लागली. वर छताकडे, खाली फरशीकडे, हवेत.

"काय शोधतेस?" सम्यकने विचारलं.

"पीठ."

"पीठ?"

"इथे पीठ कुठाय सम्यक? पीठच नाहीये!" आणि ती जोरात हसली, पिंजऱ्याजवळची पोरं वळून बघायला लागली. "मी बेरिंग भरलं ते पिठासाठी. गिरणीचा शाफ्ट हळू फिरतो, त्याला चालतं. हा ड्रम वाऱ्यासारखा फिरतो. आतले रोलर चिखलातून पळतायत. निम्मा जोर ग्रीस ढवळण्यात, उरलेला पट्टा घसरण्यात. बेरिंग मस्त आहे, शाफ्ट मस्त आहे. आपण त्यांना गळ्यापर्यंत जेवायला घातलंय!"

"मग आता? पूर्ण खोलायला वेळ कुठाय?"

"शाफ्ट फिरता ठेवला असता तर नव्हताच. पाना दे."

आणि इथे बघा मजा. शाफ्ट भिंतींना नुसत्या बोल्टने आवळलेला होता. दोन बोल्ट काढले, शाफ्ट खेचला, सुळकन बाहेर, आणि ड्रम हातात. तिने टी-शर्टच्या कडेनेच ग्रीस पुसायला सुरुवात केली. रोलरांमधून चिंधी फिरवली, वॉशर पुसले, सम्यकने पट्टा रॉकेलने घासला. शेवटी तिने करंगळीवर ग्रीसचा एक ठिपका घेतला. भाकरीला तूप लावतात ना, ते सुद्धा कंजूष बाई लावते तेवढं. रोलरांवर फिरवलं. बस्स.

मार्विन हे बघत होता. "एवढंसंच? अंकल बघतील तर ओरडतील."

"ओरडू दे. हे त्यांचं बेरिंग नाही."

शाफ्ट आत, बोल्ट गच्च. नाव पुकारलं. चाचणी घ्यायलाही वेळ नव्हता. कैदाशीण थेट मोठ्या पिंजऱ्यात.

घंटा झाली. सम्यकने ड्रम दिला, आणि त्या आवाजाने पहिल्या रांगेतल्या एका बाईंच्या मांडीवरचं पोर रडायचं थांबलं. उंच, बारीक, तोल न सुटणारी शीळ. क्रिस्टीनाला स्क्रूड्रायव्हरची गरजच नव्हती. तिला लांबूनच ऐकू आलं, आत रोलर कसे पळतायत ते.

रणगाडा सरळ अंगावर आला. चकती आणि ड्रम एकमेकांवर आदळले. असा आवाज झाला की पार्किंगमधल्या गाड्यांचे सायरन वाजले. रणगाडा उडाला, छताच्या प्लास्टिकवर आपटला, वरचा एक दिवा घाबरून विझला, आणि तो खाली पडला तो चारी चाकांवर. हॉल ओरडला. उत्तराची पोरं कच्ची नव्हती. रणगाडा वळला, बाजूने आला आणि त्याने कैदाशिणीचं डावं चाक तोडलं. पुन्हा वळला आणि उजवं. कैदाशीण उलटी पडली. पाठ खाली, पोट वर, चाकं नाहीत.

पण ड्रम फिरत होता. तीच शीळ.

नियम असा की रोबो हलला नाही तर पंच आकडे मोजतो. दहा झाले की कुस्ती संपली, यंत्र बंद करायचं. पंचाने हात वर केला. एक. दोन.

फेलिक्स उभा राहिला. कारण अटीतली मेख त्याच्या ध्यानात आली होती. आकडे पूर्ण झाले की घंटेच्या आधीच ड्रम बंद करावा लागणार. बेरिंग कितीही धडधाकट असो.

"चाकंच नाहीत!" सम्यक ओरडला. "कशाने हलवू?"

"ड्रमने!" क्रिस्टीना म्हणाली. "उलटी पडलीये म्हणून काय झालं, दात जमिनीला टेकतात! सोड, धर, सोड, धर. उड्या मारव तिला!"

"शाफ्ट सगळा मार खाईल!"

"खाऊ दे. त्याच्यासाठीच केलाय तो."

सात. सम्यकने ड्रम सोडला, पुन्हा दिला. दातांनी फरशी ओरबाडली, ठिणग्या उडाल्या, आणि कैदाशीण टुणकन बेडकासारखी पुढे आली. पंचाने हात खाली घेतला. पुन्हा उडी. पुन्हा. प्रत्येक उडीला आख्खं वजन शाफ्टवर, आणि शाफ्ट हूं की चूं नाही. रणगाड्याला कळेना हिला मारायचं कुठून. जवळ आला की ती दातांनी फरशी खात त्याच्याच अंगावर उडायची. एकदा तर त्याची चकतीच चावली. उत्तराची पोरं "अगं ही काय आहे!" म्हणून ओरडत होती. हॉलमध्ये एव्हाना सगळे ताल धरून ओरडायला लागलेले, कै-दा-शीण, कै-दा-शीण. फेलिक्सचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याची नजर ड्रमवरून हलली नाही.

घंटा झाली. ड्रम फिरतच होता. सम्यकने बंद केला तरी थांबायचं नाव घेईना, आपला शीळ घालत हळूहळू निवत गेला.

पंचांनी रणगाड्याला जिंकवलं. बरोबरच होतं, चाकं तर त्यानेच तोडली होती. उत्तराने येऊन हात मिळवला. "दळलंस की गं," ती म्हणाली.

"अर्धवट," क्रिस्टीना म्हणाली. "पुढच्या वेळी मैद्यासारखं."

फेलिक्स पिंजऱ्यापाशी आला. वाकला, आणि बोटाची मागची बाजू ड्रमच्या टोकाला लावली. ठेवली. काढली नाही.

"तापलं नाय," तो म्हणाला.

"नाही तापणार."

"ग्रीस किती?"

क्रिस्टीनाने करंगळी दाखवली. फेलिक्सने त्या करंगळीकडे बघितलं, मग तिच्या टी-शर्टकडे, ग्रीसने माखलेल्या. त्याच्या बापाने शिकवलेलं होतं ते सगळं तिथे पुसलेलं. त्याने बोट बाहीला पुसलं. मग म्हणाला, "गिरणीत मात्र ठासूनच भरायचं."

"गिरणीत ठासूनच. पीठ आहे तिथे," क्रिस्टीना म्हणाली. "पण मधली पुली तिरकी आहे डॅडी. मंगळवारी गिरणी बंद."

"मंगळवारी? मंगळवारी किती गिऱ्हाइक असतं!"

"पेटी कोणाकडे?"

फेलिक्स वळला आणि टेम्पोकडे गेला. आणि मार्विनने स्वतः पान्यांची पेटी उचलून आणली, क्रिस्टीनाच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाला, "घे कॅप्टन. मला काही राग नाही."

मंगळवारी वर्तकनगरच्या बायका डबे घेऊन आल्या तर गिरणीच्या दारावर पाटी, आज दुरुस्ती. फेलिक्स बाहेर स्टुलावर बसून प्रत्येकीला सांगत होता, मी नाय बंद केली हो, मॅडमनी केली. आणि आतून पोरीचा आवाज येत होता, डॅडी, कंदील धर, तो नव्हे, मोठा, आणि हलवू नकोस.

आता... एक आहे. मार्विनने पेटी उचलून दिली म्हटलं ना, ते माझं. तो तेव्हा हॉलबाहेर वडापाव खात होता, आणि पेटी तिने एकटीनेच टेम्पोतून ओढून काढली. एवढं गोड करावंसं वाटलं, केलं. बाकी छतावरचा दिवा विझला तो विझलाच.